पहिली भवानी : नव्या वस्तूच्या पहिल्या दिवसाचा इतिहास

१/
दुकान उघडल्यानंतरच्या पहिल्या विक्रीला मराठीत 'भवानी' म्हणतात. ती दहा रुपयांची असो वा हजाराची, जुन्या वळणाचा दुकानदार ती रक्कम आधी कपाळाला लावतो आणि मगच गल्ल्यात टाकतो. भवानीचे गिऱ्हाईक शक्यतो रिकाम्या हाती परत जाऊ द्यायचे नाही, हा बाजारातला जुना संकेत आहे. हिशेबाच्या वहीत त्या रकमेला वेगळी किंमत नसते. दुकानदाराच्या मनात मात्र असते.

आजचा धागा अशाच एका भवानीचा आहे. फरक एवढाच, की हे दुकान संगणकाच्या पडद्यावर उघडते आणि नेमके चोवीस तास उघडे असते.

२/
'प्रॉडक्ट हंट' हे नाव अनेक वाचकांच्या परिचयाचे असेल. नवे अ‍ॅप, नवे संकेतस्थळ, नवे उपकरण तयार करणारे लोक आपली वस्तू तेथे मांडतात. येणारे-जाणारे ती पाहतात, वापरतात, प्रश्न विचारतात आणि आवडल्यास मत देतात. रोज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्रीचे बारा वाजले, की पाटी कोरी होते आणि नव्या दिवसाची स्पर्धा सुरू होते. दिवसअखेर जी वस्तू अग्रस्थानी राहते, तिला त्या दिवसाचा मान मिळतो.

जगभरच्या छोट्या कंपन्या या एका दिवसासाठी महिनोन्‌महिने तयारी करतात. त्या दिवसाची सूत्रे कोणा एकाच्या हाती दिली जातात. त्या व्यक्तीने नेमके काय करायचे असते?

३/
बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : मते गोळा करायची. परिचितांना निरोप धाडायचे, समूहांत दुवे टाकायचे, आकडा वर नेत राहायचा.

इतिहास पाहिला, तर उत्तर वेगळे येते. नव्या वस्तूच्या पहिल्या दिवसाची परंपरा इंटरनेटहून जुनी आहे. त्या परंपरेत जे दिवस पुढे फळाला आले, त्यांच्या मागे गर्दी जमवणाऱ्यापेक्षा पडद्यामागचे काम सांभाळणारा आणि समोरच्याचे ऐकून घेणारा माणूस अधिक ठळकपणे दिसतो. त्यासाठी १९६८ सालापर्यंत मागे जावे लागेल.

४/
९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट व्यासपीठावर बसले. समोर सुमारे एक हजार संगणकतज्ज्ञ होते. पुढील नव्वद मिनिटांत या श्रोत्यांनी माउस, पडद्यावरचे संपादन, एका मजकुरातून दुसऱ्यात नेणारे दुवे आणि दूर बसलेल्या सहकाऱ्याशी चित्रासह संभाषण असे सारे एकाच बैठकीत पाहिले. संगणक म्हणजे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचे गठ्ठे, अशी समजूत असलेला तो काळ होता. पुढे या प्रयोगाला 'सर्व प्रात्यक्षिकांची जननी' असे नाव पडले.

एंगेलबार्ट यांचे नाव इतिहासात अजरामर झाले. त्या दिवसाची सूत्रे मात्र दुसऱ्याच माणसाच्या हाती होती.

५/
त्या माणसाचे नाव बिल इंग्लिश. माउसचा पहिला नमुना प्रत्यक्ष घडवणारे अभियंते तेच. प्रात्यक्षिकाच्या वेळी ते सभागृहाच्या मागच्या बाजूला नियंत्रण सांभाळत होते. संगणक सभागृहात नव्हताच. तो सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत होता. तेथील चित्र सूक्ष्मलहरींच्या दुव्याने सभागृहात येत होते आणि एका प्रचंड पडद्यावर उमटत होते. कोणत्या क्षणी कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवायचे, हे इंग्लिश ठरवत होते. एंगेलबार्ट यांच्या कानाशी त्यांचा आवाज होता.

यांतील एक दुवा जरी तुटला असता, तरी श्रोत्यांना कोरा पडदा दिसला असता. तो तुटला नाही. व्यासपीठावरचा माणूस निश्चिंतपणे बोलू शकला, कारण मागे उभ्या असलेल्या माणसाने प्रत्येक जोडणी आधीच तपासून ठेवली होती.

६/
हा झाला मोठ्या संशोधन संस्थेचा दिवस. पण ज्याच्याजवळ संस्था नाही, निधी नाही, फक्त घरी बनवलेली वस्तू आहे, त्याने ती कोणाला दाखवावी?

मार्च १९७५ मध्ये मेन्लो पार्क येथील एका गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली आणि 'होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब' जन्माला आला. या क्लबच्या सभेत एक मोकळा वेळ राखलेला असे. त्या वेळात सभासद उठून इकडेतिकडे फिरत, आपापली यंत्रे दाखवत, सुट्या भागांची देवघेव करत, एकमेकांच्या चुका काढत. नव्या वस्तूसाठी लोक शोधणे आणि लोकांसाठी नवी वस्तू शोधणे, ही दोन्ही कामे तेथे एकाच खोलीत होत. आजच्या संकेतस्थळांचे हे मूळ रूप म्हणता येईल.

७/
याच क्लबमध्ये स्टीव्ह वॉझनियाक यांनी आपला मंडल-फलक दाखवला. तोच पुढे 'अ‍ॅपल-१' झाला. माउंटन व्ह्यू येथे 'बाइट शॉप' हे संगणकाचे दुकान चालवणारे पॉल टेरेल यांना त्यात रस वाटला. त्यांनी ५० नग मागितले आणि नगाला ५०० डॉलर देऊ केले. अट एकच : सुटे भाग नकोत, जोडून तयार केलेली वस्तू हवी.

ही अ‍ॅपलची खरी भवानी. स्टीव्ह जॉब्स आणि वॉझनियाक यांचा विचार हौशी लोकांना नुसते फलक विकण्याचा होता. ज्याने त्याने घरी डाग देऊन भाग जोडावेत. पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाने ती कल्पनाच बदलली. माल पोहोचला तेव्हाही टेरेल यांना तो पुरेसा पूर्ण वाटला नाही, कारण त्याला ना पेटी होती ना कळफलक. त्यांनी माल ठेवून घेतला आणि ठरलेले पैसे दिले. पुढच्या यंत्रात पेटी आणि कळफलक ही दोन्ही अंगे आली.

८/
ते पुढचे यंत्र म्हणजे 'अ‍ॅपल-२'. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिला 'वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर' भरला. जॉब्स यांनी प्रवेशद्वारासमोरची मोक्याची जागा फार आधीच मिळवून ठेवली होती. मेळ्याच्या तोंडावर यंत्रांच्या प्लास्टिकच्या पेट्या आल्या आणि त्यांवर बारीक डाग निघाले. जॉब्स यांनी हाताशी असलेल्या माणसांना त्या घासायला आणि चकचकीत करायला बसवले.

मेळ्यात मांडण्याजोगी तयार यंत्रे अवघी तीन होती. मागे रिकाम्या खोक्यांची रास रचून ठेवली होती, म्हणजे माल भरपूर आहे असे वाटावे. या मेळ्यातून सुमारे तीनशे यंत्रांची मागणी हाती आली.

९/
रिकाम्या खोक्यांची ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते आणि तिच्यातून चुकीचा धडा घेतला जातो. देखावा केला की काम होते, असा तो धडा.

प्रत्यक्षात ती खोकी रिकामी असली, तरी टेबलावरची तीन यंत्रे रिकामी नव्हती. कोणीही पुढे होऊन त्यांवर हात चालवून पाहू शकत होते. वर्षभर क्लबमध्ये ऐकलेले प्रश्न आणि टेरेल यांची नापसंती त्या यंत्रांच्या रचनेत मुरलेली होती. मेळ्यातला दिवस यशस्वी झाला, कारण त्याच्या आधीचे बरेच छोटे दिवस कानांत साठवले गेले होते.

१०/
पुढची तीस वर्षे नव्या वस्तूचा पहिला दिवस हा मेळ्यांचा, परिषदांचा आणि पत्रकारांचा राहिला. व्यासपीठ मिळवायला ओळख लागे, मांडव घालायला पैसा लागे. छोट्या कारागिराला प्रवेशद्वारासमोरची जागा परवडणे कठीण होते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे चित्र बदलले. वाचकांनीच बातम्या सुचवायच्या आणि वाचकांनीच मत देऊन त्या वर आणायच्या, अशी संकेतस्थळे निघाली. २००४ च्या अखेरीस 'डिग' आले. २००५ मध्ये 'रेडिट' आले. फेब्रुवारी २००७ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी नवउद्योजकांसाठी 'स्टार्टअप न्यूज' सुरू केले. त्याच वर्षी त्याचे नाव 'हॅकर न्यूज' झाले. आता प्रवेशद्वारासमोरची जागा मतांवर मिळू लागली.

११/
एप्रिल २००७. ड्र्यू ह्यूस्टन या तरुणाने याच पानावर आपल्या एका प्रयोगाची चित्रफीत टाकली. बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाताना पेनड्राइव्ह घरी विसरल्याच्या त्राग्यातून ती कल्पना सुचली, असे ते पुढे सांगत. फाइल एका संगणकावर ठेवली, की ती दुसऱ्यावर आपोआप दिसावी. प्रयोगाचे नाव होते 'ड्रॉपबॉक्स'.

त्या चित्रफितीखालची एक टिप्पणी आज दंतकथा बनली आहे. टिप्पणीकाराचा एक मुद्दा असा, की लिनक्स वापरणारा माणूस उपलब्ध साधने जोडून अशी व्यवस्था स्वतःच उभी करू शकतो. शिवाय जेथे इंटरनेट नाही तेथे पेनड्राइव्ह लागणारच, अशी शंका त्याने मांडली. वस्तू आपोआप पसरेल आणि पैसे मिळवील, याविषयीही त्याला खात्री वाटत नव्हती.

१२/
ड्रॉपबॉक्स पुढे अब्जावधी डॉलरची कंपनी झाली आणि मार्च २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरली. म्हणून त्या टिप्पणीची आजही टिंगल होते. मूळ संभाषण वाचले, तर टिंगलीला आधार सापडत नाही. ह्यूस्टन त्या वेळी ग्रॅहम यांच्या 'वाय कॉम्बिनेटर' या संस्थेकडे अर्ज करत होते आणि टिप्पणीकार त्या अर्जातल्या कच्च्या जागा दाखवत होता. ह्यूस्टन यांनी त्याला शांतपणे, मुद्देसूद उत्तर दिले. दोघांचे बोलणे सौजन्याचेच राहिले.

पहिल्या दिवशी कडक प्रश्न विचारणारा माणूस भवानीच्या गिऱ्हाइकासारखा असतो. तो वस्तू विकत घेईलच असे नाही. पण पुढे शंभर जण मनात जी शंका घेऊन मुकाट्याने निघून जाणार असतात, ती त्याने उघड बोलून दाखवलेली असते.

१३/
याचा उपयोग वर्षभरात दिसला. मार्च २००८ मध्ये ह्यूस्टन यांनी डिगच्या वाचकांसाठी दुसरी चित्रफीत केली. तिच्यात वस्तूचे साधे प्रात्यक्षिक होते आणि जागोजागी त्या वाचकवर्गालाच कळतील असे विनोद पेरलेले होते. त्यांच्या सांगण्यानुसार प्रतीक्षायादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ह्यूस्टन यांनी लोकांना दाराबाहेर रांगेत उभे केले. दार सताड उघडले नाही. सर्वांसाठी ड्रॉपबॉक्स खुले झाले ते सप्टेंबर २००८ मध्ये. फाइल हरवली तर दुसरी संधी मिळणार नाही, अशा प्रकारची ती वस्तू होती. गर्दी केव्हा आत घ्यायची, हेही दिवसाच्या सूत्रधारालाच ठरवावे लागते.

१४/
याच्या नेमका उलटा दिवस त्याच वर्षी उगवला. २८ जुलै २००८ रोजी 'क्यूल' नावाचे शोधयंत्र सुरू झाले. ते उभारणाऱ्यांत गूगलमध्ये काम केलेले नामवंत अभियंते होते. गाठीशी ३ कोटी ३० लाख डॉलरचे भांडवल होते. आपल्या सूचीत सुमारे १२० अब्ज पाने आहेत, म्हणजे जगात सर्वांत मोठी सूची आमचीच, अशी घोषणा झाली. वृत्तपत्रांनी 'गूगलचा प्रतिस्पर्धी' म्हणून मथळे दिले.

लोक आले, आणि फार मोठ्या संख्येने आले. सर्व्हरना तो भार पेलवेना. साध्या शब्दांनाही निकाल येईनात. आले तर भलत्याच माणसाचे छायाचित्र शेजारी झळके. संध्याकाळपर्यंत कौतुकाची जागा चेष्टेने घेतली. सप्टेंबर २०१० मध्ये क्यूल बंद पडले.

१५/
क्यूलच्या दिवशी गर्दी, पैसा, विद्वत्ता यांपैकी कशाचीच वाण नव्हती. वाण होती ती बिल इंग्लिश यांच्यासारख्या तपासणीची.

मार्च २०११ मध्ये आलेल्या 'कलर' या छायाचित्रांच्या अ‍ॅपची गत आणखी निराळी. ४ कोटी १० लाख डॉलर आधीच हाती होते. आसपासच्या लोकांनी काढलेली छायाचित्रे आपोआप एकत्र दिसावीत, ही कल्पना. पण ज्याने पहिल्या दिवशी ते अ‍ॅप एकट्याने उघडले, त्याच्या आसपास ते वापरणारे दुसरे कोणीच नव्हते. त्याला रिकामा पडदा दिसला. वस्तू गर्दीत चांगली चालत होती, पण पहिले गिऱ्हाईक नेहमी एकटेच येते, याचा विचार झाला नव्हता. २०१२ संपता संपता कलरचाही कारभार आटोपला.

१६/
एव्हाना मतांच्या संकेतस्थळांनाही कीड लागली होती. डिगच्या पहिल्या पानावर आले की हजारो लोक येतात, हे कळताच त्या जागेला बाजारभाव आला. सभासद टोळ्या करून एकमेकांना मते देऊ लागले. पैसे घेऊन मते मिळवून देणाऱ्या सेवा निघाल्या. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने आपली रचना आमूलाग्र बदलली. मोठ्या प्रकाशकांना झुकते माप मिळाले, अशी सामान्य सभासदांची भावना झाली आणि ते रेडिटकडे निघून गेले. २०१२ मध्ये डिगचे नाव आणि संकेतस्थळ विकले गेले, तेव्हा किंमत ५ लाख डॉलरच्या घरात असल्याचे वृत्त होते.

आवडीचे माप म्हणून जो आकडा ठेवला होता, तोच मिळवण्याची वस्तू झाला. त्यानंतर तो आवडीचे माप राहिला नाही.

१७/
या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०१३ मध्ये रायन हूवर यांनी एक अगदी लहान गोष्ट केली. दुवे गोळा करून रोज ई-मेलने पाठवणाऱ्या एका तयार साधनावर त्यांनी यादी उघडली आणि काही ओळखीच्या मंडळींना त्यात नव्या वस्तू सुचवायला सांगितले. या उभारणीला वीस मिनिटे लागली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. लोकांनी यादी आवडीने वाचली. मग थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नेथन बॅशॉ यांनी तिला संकेतस्थळाचे रूप दिले.

हेच प्रॉडक्ट हंट. आरंभी टिप्पणी करण्याचा अधिकार निमंत्रितांपुरता होता. वस्तू बनवणाऱ्यांना आवर्जून बोलावून वापरणाऱ्यांच्या समोर बसवले जाई. होमब्र्यू क्लबचा तो मोकळा वेळ जणू पडद्यावर परत आला.

१८/
२०१४ च्या उन्हाळ्यात ही कंपनी वाय कॉम्बिनेटरमध्ये दाखल झाली आणि त्याच वर्षी तिला ६१ लाख डॉलरचे भांडवल मिळाले. डिसेंबर २०१६ मध्ये 'एंजललिस्ट'ने ती विकत घेतली. किंमत सुमारे २ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या.

मोठेपणाबरोबर जुना रोगही आला. आतल्या गोटातल्यांना पहिल्या पानावर सहज जागा मिळते, अशी टीका झाली. मते मागण्याचा धंदा येथेही पोहोचला. त्यावर संकेतस्थळाने नियम घातला : लोकांना वस्तू पाहायला बोलवा, त्यांचे मत विचारा, पण 'मत द्या' अशी याचना करू नका. संशयास्पद मते गाळण्याची व्यवस्थाही आली. डिगचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला, तर या नियमाचा अर्थ लागतो. तो शिष्टाचारासाठी नाही. माप माप राहावे यासाठी आहे.

१९/
आता एक अशी भवानी, जिच्यावर संपूर्ण कंपनीचे जगणे अवलंबून होते.

'ओपनटेस्ट' नावाची एक छोटी कंपनी होती. संकेतस्थळांची जाणकारांकडून तपासणी करून द्यायची आणि तिचे ध्वनिचित्रमुद्रण ग्राहकाला पाठवायचे, हा तिचा व्यवसाय. तो चालेना. पण ग्राहकांशी बोलताना संस्थापकांच्या लक्षात आले, की लोकांना जाणकारांची तपासणी फारशी नको आहे. त्यांना पडदा आणि आवाज टिपणारे ते साधनच हवे आहे, आपल्याच सहकाऱ्यांना काही समजावून देण्यासाठी. संस्थापकांच्या सांगण्यानुसार हाती जेमतेम दोन आठवड्यांचे पैसे उरले होते. जून २०१६ मध्ये त्यांनी तेवढेच साधन वेगळे काढून प्रॉडक्ट हंटवर मांडले. पहिल्या दिवशी सुमारे ३ हजार लोक ते वापरू लागले.

२०/
त्या साधनाचे पुढचे नाव 'लूम'. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'अ‍ॅटलासियन'ने लूम ९७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेत असल्याचे जाहीर केले.

हा आकडा डोळे दिपवणारा आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा क्षण त्याच्या फार आधीचा. ग्राहक काय मागत होते, हे ऐकून स्वतःची मूळ कल्पना बाजूला ठेवण्याचा तो क्षण. टेरेल यांनी जोडलेले यंत्र मागितले, तेव्हा अ‍ॅपलच्या दोघांनी जे केले, तेच चाळीस वर्षांनी या मंडळींनी केले. लूमचा पहिला दिवस त्या ऐकण्याची पावती होता.

२१/
मग आज अशा दिवसाची सूत्रे ज्याच्या हाती येतील, त्याने काय करावे? पुण्यात, नाशकात वा पणजीत बसून हा दिवस चालवणाऱ्याला आधी घड्याळ समजून घ्यावे लागते. पश्चिम किनाऱ्यावरची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळापत्रकात दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. आपली दुपार आणि संध्याकाळ जाते ती प्रामुख्याने आशियातल्या व युरोपातल्या लोकांबरोबर. अमेरिका जागी होते, तेव्हा आपल्याकडे रात्र पडत असते. म्हणजे सर्वांत दाट गर्दी येते ती आपली माणसे थकलेली असताना.

म्हणून सूत्रधाराचे पहिले काम पाळ्या लावण्याचे आहे. रात्री कोण जागेल, आणि त्यासाठी दुपारी कोणी झोपायचे, हे आदल्या दिवशी ठरवायचे.

२२/
दुसरे काम इंग्लिश यांचे : नोंदणी, पैसे भरणे, पासवर्ड बदलणे या प्रत्येक वाटेवरून आदल्या दिवशी स्वतः चालून पाहायचे, आणि त्या दिवशी नवे काहीही जोडायचे नाही. तिसरे काम ह्यूस्टन यांचे : वस्तू कोणासाठी, कोणत्या त्रासातून जन्मली आणि अजून काय जमत नाही, हे पहिल्याच टिप्पणीत साध्या शब्दांत सांगायचे, मग प्रत्येक प्रश्नाला माणसासारखे उत्तर द्यायचे, कडू प्रश्नाला आधी. चौथे काम कलरच्या अनुभवाचे : एकट्या आलेल्या पहिल्या माणसाला काय दिसते, ते त्याच्या डोळ्यांनी पाहायचे.

आणि पाचवे काम एका वहीचे. कोणी काय विचारले, कोठे अडखळले, काय मागितले, हे त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवायचे. दिवस मावळला की पाटी कोरी होते. वही कोरी होत नाही.

२३/
या सगळ्यानंतरही दिवस फसू शकतो. त्याच दिवशी एखादी बलाढ्य कंपनी आपली वस्तू मांडते आणि छोटी वस्तू पहिल्या पानाच्या तळाशी जाते. वर्षभर राबलेली चार माणसे रात्री दोन वाजता पडद्याकडे पाहत बसलेली असतात आणि आकडा हलत नाही. त्या घटकेला कोणीतरी सुचवतो, की थोडी मते विकत घेऊ.

सूत्रधाराची खरी कसोटी त्या घटकेला असते. विकत घेतलेले मत प्रश्न विचारत नाही, अडखळत नाही, उद्या परतही येत नाही. त्यापेक्षा त्या दिवशी आलेल्या चाळीस खऱ्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक पत्र लिहावे. टेरेल हे एकटेच होते, हे विसरू नये.

२४/
१९६८ च्या त्या प्रात्यक्षिकानंतर श्रोते उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तरीही माउस सर्वसामान्यांच्या टेबलावर यायला आणखी पंधरा-सोळा वर्षे लागली. टाळ्यांनी वस्तू घरोघरी जात नाही. ती जाते त्यानंतरच्या दीर्घ, निनावी कामाने. पहिला दिवस त्या कामाचा आरंभ असतो.

दुकानदार भवानीची रक्कम कपाळाला लावतो, तेव्हा दिवसभराच्या गल्ल्याचा अंदाज त्याला नसतो. कोणीतरी पहिल्यांदा विश्वास ठेवून दारात आले, एवढ्याची ती पोच असते. ज्याला चोवीस तासांचे हे दुकान चालवायचे आहे, त्याने एवढी पोच प्रत्येक येणाऱ्याला द्यावी. आकडा त्यानंतर पाहावा.

धागा समाप्त.